मूळ प्रत पाहावी

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे कात्रीसाहेब म्हणत. ते काही लाडाने ठेवलेलं नाव नव्हतं. बातमीदाराने दिवसभर वणवण करून चाळीस ओळी आणाव्यात आणि या उपसंपादकाने चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांच्या सहा कराव्यात, असा त्याचा एकतीस वर्षांचा खाक्या. पूर असो की पुढाऱ्याचं भाषण, रकान्यात जेवढी जागा तेवढंच जगात घडलं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. निवृत्तीच्या दिवशी सहकारी निरोपाची भाषणं करत होते तेव्हाही तो मनातल्या मनात परिच्छेद उडवत बसला होता.

त्याची बायको त्याच कचेरीत तळमजल्यावर प्रुफं वाचायची. तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले होते. छपाईयंत्रांना लागून असलेली, धडधडाटामुळे जिथे बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं अशी खोली तिला मिळाली आणि तिने ती कधी सोडली नाही. वाचायला बसली की तिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही. बोलायची ती हातांनी. लग्नाआधी दोन वर्षं खपून कात्रीसाहेब ती खुणांची भाषा शिकला होता, पण त्याचे हात शेवटपर्यंत थोडे बोबडेच राहिले. तिचे हात मात्र चालू झाले की बघत राहावं. भाजीवाल्याने कसं फसवलं हे सांगायचं तर ती आधी तराजू उभा करायची, मग भाजीवाला, मग पारड्याखाली हळूच लावलेला त्याचा अंगठा, आणि शेवटी आपण त्याला काय सुनावलं ते, दोन्ही बाजूंनी.

लोक म्हणतात, जिभेला हाड नसतं. हिच्या जिभेला मनगटातली आठ आणि कोपरापासून आलेली दोन, अशी दहा हाडं होती. दहा वर्षांपूर्वी छापखान्याच्या तेलकट पायरीवरून ती घसरली आणि उजव्या हातावर पडली. प्लास्टर निघालं, ती कामावर गेली, सगळे विसरले. हाड जरा वाकडं जुळलं होतं, ते मात्र विसरलं नाही. हळूहळू मनगटातली गादी झिजली आणि हाडावर हाड घासू लागलं. आधी बरणीचं झाकण उघडेना. मग कुलपात किल्ली फिरेना. मग तळहात वर करून पाणी घेता येईना. अर्ध्यात अडायचा आणि कळ पार कोपरापर्यंत जायची.

त्याबरोबर तिचं बोलणं आटत गेलं. सगळ्यात आधी विशेषणं गेली. मग नकला गेल्या, मग गोष्टी, मग भांडणं. सरतेशेवटी डाव्या हाताने भागण्यासारखं तेवढं उरलं: दूध आलं, गॅस संपला, दारात कोणी आहे, जेवायला चल. कात्रीसाहेबाने हे पाहिलं आणि वयाने माणूस सुधारतं असा निष्कर्ष काढला. तिची वाक्यं आता एका रकान्यात मावतील अशी झाली होती. दुपारी त्याला सलग वाचता येत होतं. शेजाऱ्यांना तो म्हणाला, "हल्ली ती फार समंजस झालीय."

बाहेरच्या जगात तिचा दुभाष्या तोच. ती ओठ वाचायची, पण लोक तिच्याकडे तोंड करून बोलतील तेव्हा ना. ते खिडकीआडून बोलत, मान खाली घालून बोलत. मग ती त्याला सांगायची आणि तो पुढे सांगायचा. तिने दोन्ही हातांनी दोन मिनिटं सांगितलेलं खिडकीपलीकडच्या कारकुनाला "तक्रार आहे म्हणते" या तीन शब्दांत पोचायचं. परतीच्या वाटेवरही तेच. कारकून पाच मिनिटं बोलला तर बायकोला कळायचं, "उद्या या." ती कारकुनाचं तोंड किती वेळ हललं ते मोजायची आणि गप्प बसायची. तीस वर्षं निभलं, म्हणून पुढेही निभेल असं दोघांनाही वाटत होतं.

हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत होत्या. बाहेर बाकावर सतरा माणसं हात धरून बसली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला आणि त्याच्याकडेच तोंड करून सांगितलं, "दोन सांधे गेलेत, काका. मनगटाचा गेलाय, आणि ही दोन लांब हाडं मनगटापाशी एकमेकांवर फिरतात ना, तिथलाही गेलाय. उपाय दोन आहेत. एक म्हणजे पट्टी आणि स्क्रू घालून मनगट जखडून टाकायचं. दुखणं जातं, हात दणकट होतो, पण मनगट वाकत नाही, आणि तळहात आत्ता फिरतो तेवढाच फिरेल. दुसरा म्हणजे कृत्रिम सांधे बसवायचे. वाकतं, फिरतं. पण जन्मभर जपावं लागतं, जड उचलायचं नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी सैल पडू शकतात. काकू या हाताने काय काय करतात त्यावर ठरेल. विचारा त्यांना."

त्याने बायकोला विचारलं, "हात काय काम करतो?"

तिने उजवा हात गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यातून सोडवला. तो दुखत होता, तरी जमेल तेवढा हलवत, उरलेलं डाव्याने सावरत ती बराच वेळ बोलली. डॉक्टर तोवर कागदावर लिहीत होत्या. दारातून नर्सने दोनदा डोकावून पाहिलं. पाठीमागे सतरा माणसं आहेत हे कात्रीसाहेबाच्या मानेला जाणवत होतं.

"घरकाम करते," तो म्हणाला. "आणि प्रुफं वाचते."

"मग जखडलेलंच बरं," डॉक्टर म्हणाल्या. "घरकामाला दणकट हात हवा. हे संमतीपत्र घरी नीट वाचून, सही करून आणा."

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"ऑपरेशन," त्याने हाताने सांगितलं. "दुखणं जाणार."

नीट वाचून आणा असं तिला कोणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून, चष्मा लावून, तिने लाल पेन काढलं. मनगट न हलवता ओळीखाली रेघ मारता येते, त्यामुळे तिचं काम अजून चालू होतं. पहिल्या पानावर तिने रुग्णालयाच्या चार चुका दुरुस्त केल्या. दुसऱ्या पानाच्या मधोमध तिचं पेन थांबलं. तिने टेबलावर दोनदा थाप मारून नवऱ्याला बोलावलं आणि ओळ दाखवली: उजव्या मनगटाचा सांधा कायमचा जखडणे.

इथे एक सांगायला हवं. खुणांच्या भाषेत तू आणि तुम्ही असा भेद नाही, समोरच्याकडे बोट केलं की झालं. पण त्या संध्याकाळचं तिचं बोट ज्याने पाहिलं असतं त्याने तू असंच लिहिलं असतं.

"जखडणे?" तिने विचारलं.

"दुखणार नाही."

"हलेल?"

"नाही."

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"हात काय काम करतो ते. घरकाम. प्रुफं."

"आणि हे?" तिने विचारलं.

हे म्हणजे काय ते त्याला कळेना. ती उजवा हात त्याच्यासमोर धरून तेच पुन्हा विचारत राहिली. आणि हे? आणि हे? प्रत्येक वेळी तिचा चेहरा वेदनेने वाकडा होत होता. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आलं की ज्याच्याबद्दल विचारतेय तो हातच विचारतोय. दवाखान्यात ती दोन मिनिटं हेच सांगत होती, आणि त्याने नेमकं ते गाळलं होतं. घरात माणूस बोलतं त्याला काम कोण म्हणतं?

त्याला लाज वाटली. एवढी लाज त्याला नोकरीत एकदाच वाटली होती, एका जिवंत माणसाची निधनवार्ता छापून आली तेव्हा. बातमीदाराने तेव्हाही सगळं बरोबर लिहिलं होतं. मधलं एक वाक्य यानेच उडवलं होतं. पण ते निस्तरायला दुसऱ्या दिवशीचा अंक होता. आणि आणखी एक गोष्ट त्याला त्या टेबलापाशी कबूल करावी लागली, निदान स्वतःशी: दोन वर्षांची शांतता त्याला मानवली होती. ती जन्मभर टिकायची सोय तो आज सकाळी स्वतःच्या तोंडाने करून आला होता.

"चुकलं," त्याने हाताने सांगितलं.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. तिने त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि समासात, बातमीदाराचा मजकूर अर्धवट आला की लिहायची तेच, नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: मजकूर अपुरा. मूळ प्रत पाहावी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो कागद आधी सरळ धरला, मग तिरका धरला.

"हे कोणी केलं?"

"हिने," कात्रीसाहेब म्हणाला. "काल मी थोडक्यात सांगितलं होतं. तिला पूर्ण सांगायचंय."

"किती वेळ लागेल?"

त्याने बायकोला विचारलं. तिने खुर्ची उचलली नाही, पायाने सरकवली आणि दोघांचीही तोंडं दिसतील अशी ठेवली. मग त्याला अट घातली. "मी सांगेन ते सगळं सांगायचं. मी म्हणूनच सांगायचं. ती म्हणते, ती म्हणते, नको." त्याने ही अटसुद्धा डॉक्टरांना सांगितली, कारण ती सांगू नये असं काही ठरलं नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि नर्सला दार लावून घ्यायला सांगितलं.

बायको बोलू लागली, अडखळत, दातओठ खात. आणि तो टक्कल पडलेला साठीचा गृहस्थ डॉक्टरांसमोर ताठ बसून सांगू लागला.

"मी या हाताने बोलते. डावा हात मदतनीस आहे, तो हो आणि नाही म्हणतो. दोन वर्षं मी हो आणि नाहीच म्हणतेय. दूध, गॅस, जेवण. हातवारे करून दुकानात एवढं सांगणं तर माकडालाही येतं."

डॉक्टरांनी मान डोलावली.

"माझा नवरा चांगला माणूस आहे," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "पण तो आळशी आहे. त्याला थोडक्यात आवडतं. तो शेजाऱ्यांना सांगतो की मी समंजस झाले. मी ते त्याच्या ओठांवर वाचलं. मी समंजस झालेले नाही. माझा हात दुखतो."

नर्स दाराशी उभी राहून खिडकीबाहेर बघू लागली.

"बोलताना हाताला झटका बसतो का?" डॉक्टरांनी विचारलं. "म्हणजे सांध्यावर जोर येतो का?"

"भांडताना येतो," बायकोचं उत्तर त्याने सांगितलं.

"भांडण किती वेळा होतं?"

"हल्ली होत नाही," तो आपल्या मनाने म्हणाला. बायकोने त्याचे ओठ पाहिले आणि त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "पुढे होईल," त्याने तिचं सांगितलं.

मग तिचे हात जरा वेळ मांडीवर पडून राहिले. डॉक्टरांना वाटलं, संपलं. तिने पुन्हा हात उचलले आणि या वेळी हळू, एकेक खूण सुटी करून बोलली. कात्रीसाहेब बघत राहिला. गेल्या साली सासूबाई गेल्या तेव्हा बायको रडली, तेरवीला आलेल्यांना तिने जेवायला वाढलं, तिसऱ्या आठवड्यात कामावर गेली. बाई धीराची, असं तो सगळ्यांना सांगत होता.

"पूर्ण," तिने डाव्या हाताने बजावलं.

"माझी आई गेल्या वर्षी गेली," तो म्हणाला. "त्याबद्दल मी अजून कोणाशी काही बोललेले नाही. घरात खुणा कळणारा एकच माणूस आहे, त्याच्याशीही नाही. ते लांब आहे. डाव्या हाताने होत नाही." पुढे काही राहिलंय का म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं. राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी कालचा कागद फाडला. "कृत्रिम सांधे," त्या म्हणाल्या, आणि आज त्या बायकोकडे तोंड करून, सावकाश बोलल्या. "दोन्ही बसवू. पण काकू, या हाताने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. कधीच नाही. पडायचं तर मुळीच नाही. आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा उघडावं लागू शकतं. तळहात किती फिरेल याची मी आज हमी देत नाही."

त्यांनी खणातून नमुना काढून दाखवला. धातूचे दोन दांडे आणि मध्ये पांढऱ्या प्लास्टिकचा गोळा, बाटलीच्या बुचाएवढा. बायकोने तो डाव्या हाताने उलटसुलट केला, एका दांड्यावरचे बारीक आकडे वाचले आणि परत दिला.

"दहा वर्षं बोलता येईल ना?" तिने विचारलं. "मग करा."

शस्त्रक्रिया तीन तास चालली. कात्रीसाहेब बाहेर बाकावर बसून होता आणि त्या तीन तासांत त्याने भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचल्या, एकही कापली नाही. बायको बाहेर आली ती कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घेऊन. पुढचे सहा आठवडे घरात तिची हो-नाहीसुद्धा कमी झाली, कारण डाव्या हाताला आता उजव्याचीही कामं होती. बादल्या, कुकर, गाद्या हे सगळं नवऱ्याकडे आलं. त्याची पाठ धरली. डॉक्टरांकडे जाऊन याबद्दल तक्रार करावी असं त्याला वाटलं, पण सतरा माणसांत अठरावं होण्याची हिंमत झाली नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काठीसारखा बारीक झाला होता आणि मनगटावर लांब, गुलाबी वण होता. तळहात फिरेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक हलकी लाकडी मूठ दिली आणि ती रोज तीन वेळा डावीकडे, उजवीकडे कलती करायला सांगितली. पहिले दोन आठवडे ती हलली म्हणावं तर हलली, नाही म्हणावं तर नाही. कात्रीसाहेब समोर बसून मोजायचा. रात्री झोप लागेना की तो अंधारात आपलाच तळहात वर-खाली करून बघायचा आणि हे किती सोपं आहे याची त्याला भीती वाटायची. तिचा हात इथेच अडला असता तर चूक कोणाची, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. दहाव्या आठवड्यात तिचा तळहात छताकडे झाला. पूर्ण नाही, पाणी ठेवलं तर एका बाजूने सांडलं असतं. बाई म्हणाल्या, "छान. आता एका वेळी पंधरा मिनिटं वापरा, मग विश्रांती."

त्याच रविवारी दुपारी बायकोने खिडकीचा पडदा सारला, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि टेबलावर दोनदा थाप मारली. तो वर्तमानपत्र घडी करून आला.

ती अडीच तास बोलली. पंधरा मिनिटं झाल्यावर त्याने घड्याळ दाखवलं, तिने हातानेच ते बाजूला सारलं. तिने लहानपणापासून सुरुवात केली. शाळेच्या मोठ्या बाईंनी आईला सांगितलं होतं की घरात खुणा केल्या तर मुलगी ओठ वाचायला शिकणार नाही, म्हणून आई एकही खूण शिकली नाही, जन्मभर. पाटीवर लिहायची. पाटी भरली की पुसायची आणि मुलीला वाटायचं, आई बोललेलं परत घेतेय. मग शिवणयंत्र आलं, जे धाकट्या बहिणीला मिळालं. आईचा चिकूपणा आला, आईचं हसणं आलं, आईची चाल आली, आणि बायकोने खुर्चीतून उठून ती चाल चालून दाखवली. विशेषणं परत आली होती. पाटीचा किस्सा दोनदा आला आणि दुसऱ्यांदा थोडा वेगळा आला. इथे चार ओळी सहज निघतील असं कात्रीसाहेबाला तीन ठिकाणी वाटलं. तो बघत राहिला. चहा निवला, त्याच्यावर साय धरली.

मग ती आईच्या दवाखान्यातल्या दिवसांपाशी आली.

"शेवटच्या दिवशी आईचा हात चादरीवर हलत होता," ती म्हणाली. "नर्स काहीतरी बोलली. तू मला सांगितलंस, शेवटी असं होतं."

"तेवढंच म्हणाली होती," तो म्हणाला. आणि या वेळी ते खरं होतं.

"आई माझ्याकडे बघत होती आणि हात हलवत होती. मला वाटतं ती बोलत होती. तिला खुणा येत नव्हत्या, म्हणून मला कळलं नाही. तिचा हात तुझ्या बाजूला होता, मला अर्धाच दिसत होता. तू सांग. काय म्हणाली?"

कात्रीसाहेबाच्या डोक्यात आपोआप ओळी तयार झाल्या. आशीर्वाद दिला. जप म्हणाली. चुकलं म्हणाली. प्रत्येक ओळ नेमक्या मापाची होती, आणि कुठलीही दिली असती तरी बायकोने ती घेतली असती. वर्षभरापूर्वी त्याने दिलीही असती आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं असतं.

त्याने टेबलावर अंथरलेली जुनी चादर हाताखाली ओढली. म्हाताऱ्या बोटांनी काय केलं होतं ते आठवून आठवून तो करू लागला. बोटं चादरीच्या काठापर्यंत गेली. काठ गोळा केला, सोडला. पुन्हा गोळा केला. अंगठा दोनदा तर्जनीवरून फिरला. मग हात अर्धा वर उचलला गेला, थांबला, आणि चादरीवर उताणा पडला. बोटं पुन्हा काठाकडे निघाली. जेवढं त्याने पाहिलं होतं तेवढं सगळं, त्याच क्रमाने.

"मला कळलं नाही," मग त्याने सांगितलं.

बायको त्याच्या हाताकडे बघत होती. तिने आपला उजवा हात चादरीवर ठेवला आणि तेच करून पाहिलं: काठ, अंगठा, अर्धा वर, उताणा.

"मलाही नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "एवढं लांब होतं?"

"याहून लांब. मला एवढंच आठवतंय."

"पुन्हा कर," ती म्हणाली, आणि त्याने पुन्हा केलं.